ट्रकचं इन्कमटॅक्स रिटर्न: स्वतः भरायचं की सीएकडे द्यायचं?

एका गाडीचा मालक फी देऊन जे रिटर्न भरून घेतो, ते बहुतेक वेळा एका निवांत संध्याकाळी घरी बसून फुकट भरता येतं. उलट, तीन गाड्यांपैकी एक विकलेला मालक ‘मागच्या वर्षीसारखंच’ म्हणून जे रिटर्न स्वतः ठोकून देतो, ते हमखास चुकतं. गाड्या किती आहेत यापेक्षा त्या वर्षात गाड्यांचं काय झालं, यावर सीए लागणार की नाही हे ठरतं. त्यामुळे हा निर्णय दरवर्षी नव्याने घ्यायचा असतो. एकदा सीए लावला म्हणून कायम लावायला हवा असं नाही, आणि गेली पाच वर्षं स्वतः भरलं म्हणून यंदाही चालेल असंही नाही.

हा लेख पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातल्या चालकांसाठी आणि छोट्या गाडीमालकांसाठी आहे. चाकण-रांजणगावच्या कंपन्यांना अटॅच असलेले, लोणी काळभोरच्या डेपोवर टँकर चालवणारे, मार्केट यार्डात भाजीपाला आणणारे किंवा निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरातून भाडं उचलणारे, सगळ्यांना नियम एकच. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. पण २०२५-२६ चं रिटर्न जुन्या १९६१ च्या कायद्यानेच भरायचं आहे. म्हणून खाली कलमांचे जुने आकडेच दिले आहेत. सीए आणि ट्रान्सपोर्टवाले अजून तेच बोलतात.

१. आधी ठरवा: कायद्याच्या नजरेत तुम्ही कोण?

रस्त्यावर सगळेच ‘ड्रायव्हर’. इन्कमटॅक्सला मात्र यात चार वेगवेगळी माणसं दिसतात.

पगारी चालक: गाडी मालकाची, तुम्हाला महिन्याचा पगार. नव्या कर पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो आणि पगारदाराला वर ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. म्हणजे १२ लाख ७५ हजारांपर्यंत पगार असेल तर कर नाही. फॉर्म १६, म्हणजे मालकाने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, मिळत असेल तर आयटीआर-१ हा साधा रिटर्न फॉर्म स्वतः भरा. यासाठी सीएला फी देण्याचं काही कारण दिसत नाही.

कंत्राटी चालक: गाडी कंपनीची, पण कंपनी तुम्हाला नोकर न मानता ठेकेदार मानते आणि १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, कापते. हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, कारण पैसे दरमहा पगारासारखेच खात्यात येतात. फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर कापलेल्या कराचा तक्ता, आयकर पोर्टलवर उघडा. तिथे १९२ हे कलम दिसलं तर पगार, १९४सी दिसलं तर ठेका. ठेका असेल तर आयटीआर-१ चालत नाही.

गाडीमालक: आरसीवर नाव तुमचं. गाडी तुम्ही स्वतः चालवा नाहीतर चालक ठेवा, फरक पडत नाही. फायनान्सवर असली आणि आरसीवर बँकेचा बोजा असला तरी मालक तुम्हीच. या लेखाचा बराचसा भाग तुमच्यासाठी आहे.

दलाल किंवा ट्रान्सपोर्टर: दुसऱ्याच्या गाड्या लावून कमिशन किंवा भाड्यातला फरक मिळवणारे. स्वतःची एक गाडी आहे आणि बाजूने दलालीही चालते, अशांनी पुढचं वाचा जरूर, पण रिटर्न सीएकडेच द्या. ठरीव नफ्याच्या सोप्या योजनेत (ती पुढच्याच भागात आहे) दलालीचं उत्पन्न बसत नाही, त्याला आयटीआर-३ हा मोठा फॉर्म लागतो.

२. स्वतःचा आकडा काढा

सीएकडे जायच्या आधी हा हिशेब कागदावर मांडाच. पाच मिनिटं लागतात आणि निम्मा निर्णय इथेच होतो.

कलम ४४एई सांगतं की वर्षभरात कधीही १० पेक्षा जास्त मालवाहू गाड्या नावावर नसतील, तर डिझेल, टायर, टोल, खुराकी यांचा हिशेब न देता ठरलेला नफा दाखवा आणि मोकळे व्हा. तो नफा असा:

- एकूण भारित वजन १२,००० किलोपेक्षा जास्त असेल तर दर टनाला दर महिन्याला १,००० रुपये.
- १२,००० किलो किंवा कमी असेल तर दर गाडीला दर महिन्याला ७,५०० रुपये.

छोटा हत्ती वर्षभर नावावर असेल तर ७,५०० गुणिले १२, म्हणजे ९०,००० रुपये. आरसीवर २८,५०० किलो वजन लिहिलेली दहाचाकी असेल तर २८.५ गुणिले १,००० गुणिले १२, म्हणजे ३,४२,००० रुपये. प्रत्यक्षात यापेक्षा जास्त कमावले असतील आणि ते दाखवायचे असतील तर जास्तीचा आकडा धरायचा. कायद्यात दोन्हींपैकी जो जास्त तो, असं लिहिलं आहे.

इथे तीन ठिकाणी लोक घसरतात.

पहिली घसरण वजनाची. आपल्याकडे ‘किती टन पासिंग’ म्हटलं की डोळ्यांपुढे माल किती बसतो तो आकडा येतो. आयटीआर-४ या ठरीव नफ्याच्या फॉर्ममधल्या रकान्याचं नावही टनाची क्षमता असंच असल्यामुळे लोक तिथे मालाचे १८-१९ टन लिहितात. धरायचं असतं ते गाडी अधिक माल असं एकूण वजन, म्हणजे आरसीवरचं लेडन वेट किंवा जीव्हीडब्ल्यू. वरच्याच गाडीला १८.५ टन धरलं तर उत्पन्न २,२२,००० येतं, म्हणजे १,२०,००० रुपयांनी कमी. आरसी आणि रिटर्न शेजारी ठेवून पाहिलं की ही चूक कुणालाही दिसते.

दुसरी महिन्यांची. महिन्यातला एक दिवस गाडी नावावर असली तरी तो पूर्ण महिना धरतात. २८ ऑगस्टला गाडी घेतली तर ऑगस्ट ते मार्च असे आठ महिने. आणि महिने मालकीचे मोजतात, चालण्याचे नाही. गाडी तीन महिने गॅरेजमध्ये इंजिन उघडून पडली होती, हे इथे ऐकून घेतलं जात नाही.

तिसरी हप्त्याची. ठरीव नफा काढला की त्यातून फायनान्सचं व्याज, घसारा (गाडी जुनी होते म्हणून दरवर्षी धरायची किमतीतली घट), चालकाचा पगार, काही म्हणजे काही वजा होत नाही. सगळं त्यात धरलेलं आहे असं कायदा मानतो. अपवाद भागीदारी फर्मचा: तिथे भागीदारांचा पगार आणि व्याज, मर्यादेत, वजा होतं.

आता यातून निघणारी खरी गोष्ट. २८.५ टनांच्या तीन गाड्या वर्षभर असल्या तरी ठरीव नफा १०,२६,००० रुपये येतो. दुसरं उत्पन्न फारसं नसेल तर नव्या पद्धतीत कर शून्य. ‘धंद्यात एवढा नफा झालाच नाही, आम्ही का दाखवायचा?’ ही तक्रार खरी असते. पण कमी नफा दाखवायचा तर वह्या ठेवाव्या लागतात आणि सीएकडून ऑडिट करून घ्यावं लागतं. ज्या उत्पन्नावर करच नाही ते कमी करून दाखवण्यासाठी ऑडिटची फी भरणं हा घाट्याचा सौदा आहे. चौथी तशीच गाडी आली की चित्र बदलतं: नफा १३,६८,०००, त्यावर कर ८५,२०० आणि ४ टक्के उपकर धरून ८८,६०८ रुपये. इथून पुढे सीएला दोन प्रश्न विचारण्यात पैसे वसूल होतात.

३. सीए कधी लागतोच

खालचं एकही लागू असेल तर स्वतः भरायच्या फंदात पडू नका.

अ) वर्षात गाडी विकली

सगळ्यात जास्त गाडीमालक इथे फसतात, म्हणून जरा सविस्तर. ४४एई खाली रिटर्न भरताना तुम्ही घसारा कधी दाखवलेला नसतो. तरी कायदा असं धरतो की दरवर्षी तो तुम्हाला मिळाला आहे. भाड्याने चालणाऱ्या ट्रकचा घसारा ३० टक्के. २० लाखांची गाडी पहिल्या वर्षी सहा महिन्यांपेक्षा जास्त चालली असेल, तर तीन वर्षांत तिची कागदावरची किंमत १४ लाख, मग ९,८०,०००, मग ६,८६,००० अशी उतरते. चौथ्या वर्षी ती ११ लाखांना गेली. तुमच्या दृष्टीने ९ लाखांचं नुकसान. आयकराच्या दृष्टीने, ती एकच गाडी असेल तर, ४,१४,००० रुपयांचा अल्पमुदतीचा भांडवली नफा.

या नफ्यावर सवलतीमुळे कदाचित कर येणारही नाही. पण असा नफा असला की आयटीआर-४ चालत नाही, आयटीआर-३ लागतो. दुसऱ्या गाड्या शिल्लक असतील तर विक्रीची रक्कम त्यांच्या एकत्रित किमतीतून वजा होते आणि हिशेब आणखी वेगळा होतो. शोरूमला जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये दिली, हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्याने ओढून नेऊन विकली, किंवा अपघातात टोटल लॉसचा क्लेम मिळाला, तर तेही याच हिशेबात येतं. पहिल्या खरेदीचं बिल सापडलं नाही तर सीएसुद्धा हात टेकतो, तेव्हा ते बिल गाडी असेपर्यंत आणि विकल्यानंतरही जपा.

आ) एका दिवसासाठी का होईना, अकरा गाड्या झाल्या

दहा गाड्या आहेत, जुनी विकून नवी घ्यायची आहे. नवी आधी दारात आली आणि जुनी आठवड्याने गेली. तो आठवडा अकरा गाड्यांचा. त्या पूर्ण वर्षाची सोपी योजना गेली. टीडीएस न कापण्याची सूटही गेली. दहाच्या उंबरठ्यावर असाल तर आधी जुनी द्या, मग नवी नावावर करा.

इ) गाडी बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर, पैसा तुमचा

बायकोच्या नावावर गाडी तुमच्या पैशाने घेतली असेल तर त्या गाडीचं उत्पन्न तुमच्या उत्पन्नात मिळवलं जाण्याची तरतूद आहे. दहाची मर्यादा चुकवायला किंवा कर वाटून घ्यायला ही युक्ती सर्रास सांगितली जाते. करण्याआधी सीएला विचारा, केल्यानंतर नको.

ई) स्वतःच्या नावाने बिल्टी फाडता

बिल्टी म्हणजे माल वाहून नेण्यासाठी ताब्यात घेतल्याची पावती, आणि ती देणारा म्हणजे जीएसटीच्या भाषेत माल वाहतूक एजन्सी. नुसती गाडी एखाद्या ट्रान्सपोर्ट कंपनीला भाड्याने लावली असेल आणि बिल्टी त्यांची असेल, तर त्या भाड्यावर जीएसटी नाही. स्वतःची बिल्टी सुरू केली की कर तुम्ही भरायचा की माल पाठवणाऱ्याने, हे ठरवावं लागतं. स्वतः भरायचा तर २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ५ टक्के, पण खरेदीवरच्या कराची वजावट नाही. किंवा १८ टक्के आणि वजावट आहे. ही निवड अंदाजाने करू नका.

उ) नोटीस आली आहे, किंवा ठरीव नफ्यापेक्षा कमी नफा दाखवून तोटा पुढे न्यायचा आहे

यात स्वतः प्रयोग करण्यासारखं काही नाही.

बाकी एक ते तीन गाड्या, वर्षात विक्री नाही, दलाली नाही, दुसरं उत्पन्न म्हणजे बँकेचं व्याज किंवा गावाकडच्या शेतीचे पाच हजारांपर्यंत रुपये, असं असेल तर स्वतः भरा. शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर गेलं की आयटीआर-४ भरता येत नाही. जुन्नर-खेडकडे कांद्याची शेती असलेल्यांनी हे आधी पाहावं.

४. कागद गोळा करा

दोन्ही मार्गांना यादी एकच.

- पॅन आणि आधार, एकमेकांना जोडलेले. जोडलेले नसतील तर पॅन निष्क्रिय होतो, टीडीएस २० टक्क्यांनी कापला जातो आणि रिफंड अडकतो. आता जोडायला १,००० रुपये शुल्क आहे.
- आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर. ओटीपी त्यावरच येतो.
- प्रत्येक गाडीचं आरसी: नंबर, एकूण वजन, नावावर झाल्याची तारीख. जुनी गाडी घेऊन आरटीओत नाव बदललं नसेल तर आधी ते काम करा. एमएच-१२ असेल तर संगम पुलाजवळ, एमएच-१४ असेल तर मोशीला.
- फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती पत्रक, म्हणजे एआयएस. दोन्ही पोर्टलवर लॉगिन केल्यावर मिळतात.
- सगळ्या बँक खात्यांचं वर्षाचं स्टेटमेंट. फास्टॅगचं किंवा डिझेल कार्डाचं खातं विसरू नका.
- ३१ मार्चला कुणाकडून किती भाडं येणं होतं, पंपवाल्याचं आणि टायरवाल्याचं किती देणं होतं, हातात रोख किती होती. हे चार आकडे एका चिठ्ठीवर.
- फायनान्सचं कर्जखातं आणि गाडीचं मूळ बिल. यंदा लागलं नाही तरी विक्रीच्या वर्षी लागतं.

डिझेलच्या, टोलच्या पावत्या ४४एई साठी लागत नाहीत. तरी वर्षभराच्या एका पिशवीत ठेवा. कमी नफ्याचा दावा करायची वेळ आली तर त्यांच्याशिवाय काही सिद्ध करता येत नाही.

५. स्वतः भरताना

आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर पॅनने लॉगिन करा. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी करनिर्धारण वर्ष २०२६-२७ निवडायचं असतं. एक वर्ष मागेपुढे झालं तर भरलेला कर दुसऱ्याच खात्यात गेल्यासारखा होतो. मग आयटीआर-४ निवडा. एकूण उत्पन्न ५० लाखांपर्यंत असलेल्या निवासी व्यक्तीला हा फॉर्म चालतो. कंपनीत संचालक असाल किंवा शेअरबाजारात न नोंदलेल्या कंपनीचे शेअर असतील तर नाही.

कर पद्धतीचा प्रश्न आला की नवी पद्धत आपोआप धरलेली असते. जुनी हवी असेल तर मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. धंद्याचं उत्पन्न असणाऱ्याला एकदा जुनीतून नवीत परत आलं की पुन्हा जुनीत जाता येत नाही. गृहकर्जाचं मोठं व्याज वगैरे नसेल तर गाडीमालकाला जुनीचा फायदा क्वचितच होतो.

धंद्याच्या भागात ४४एई चा तक्ता उघडा. गाडीचा नंबर, मालकीची की भाड्याची, टन, महिने आणि नफा, अशी दर गाडीला एक ओळ. टनांच्या रकान्यात आरसीवरचं एकूण वजन लिहिलंय ना, पुन्हा पाहा. नफा घरी काढलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे.

खाली येणी, देणी, रोख यांचे रकाने आहेत. सगळीकडे शून्य टाकून पुढे जाणं सोपं असतं, म्हणून लोक तेच करतात. पण ३१ मार्चला हातात रोख शून्य दाखवली आणि ५ एप्रिलला खात्यात अडीच लाख रोख भरले, तर ते आले कुठून हे सांगता येत नाही. चिठ्ठीवरचे खरे आकडे टाका. आणखी एक: एका पार्टीकडून एका दिवशी किंवा एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला बंदी आहे. दंड घेतलेल्या रकमेएवढाच.

मग टीडीएस. २६एएस मधल्या सगळ्या नोंदी रिटर्नमध्ये आल्यात का ते ताडून पाहा. वर्षात २४ लाखांचं भाडं आलं आणि १ टक्क्याने २४,००० कापले गेले, ठरीव नफा ३,४२,००० आहे, तर कर शून्य आणि २४,००० परत. कापलेला टीडीएस २६एएस मध्ये दिसत नसेल तर पार्टीने तुमचा पॅन चुकवला आहे किंवा तिचं टीडीएस रिटर्न बाकी आहे. शेवटच्या तिमाहीचं ते रिटर्न ३१ मे पर्यंत भरलं जातं, म्हणून एप्रिलमध्ये घाई करू नका, जूनमध्ये बसा. कापलेला टीडीएस २५,००० किंवा वर गेला, किंवा भाड्याची उलाढाल ६० लाखांवर गेली, तर उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न सक्तीचं आहे.

रिफंडचं खातं पोर्टलवर आधी प्रमाणित करून ठेवा. बँकेतलं नाव आणि पॅनवरचं नाव सारखं हवं. आडनाव-नाव उलटसुलट असलं तरी अडतं.

भरून झाल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी करा. सबमिट केलं म्हणजे झालं असं समजून लोक लांबच्या फेरीला निघून जातात आणि रिटर्न वैध ठरतच नाही.

शेवटची तारीख पोर्टलच्या पहिल्या पानावर पाहा, सोबतच्या चालकाला विचारू नका. २०२५ साली ती ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर आणि मग १६ सप्टेंबर झाली होती. मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. विलंब शुल्क ५,००० रुपये, एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,०००. त्यानंतर अद्ययावत रिटर्नची सोय आहे, पण तिच्यातून रिफंड मागता येत नाही. तुमचे २४,००० जवळजवळ गेलेच.

अडलात तर पोर्टलची मोफत मदत १८०० १०३ ००२५ वर मिळते.

६. सीएकडे द्यायचं ठरलं तर

ट्रान्सपोर्टच्या धंद्याभोवती रिटर्न भरून देणारे तीन प्रकारचे लोक असतात: सीए, कर सल्लागार आणि विमा-परमिटच्या कामासोबत ‘आयटीआरपण करतो’ म्हणणारे एजंट. साध्या आयटीआर-४ ला कर सल्लागार पुरतो. गाडी विकली असेल, ऑडिट असेल तर सीएच. ऑडिटवर सही फक्त त्याचीच चालते. एजंटकडे फक्त टायपिंग मिळतं, तेही बऱ्याचदा चुकीच्या टनांचं.

सीए गाडीधंद्यातला आहे का हे ओळखायला तीन प्रश्न पुरेत. माझ्या गाडीचे टन कुठून घेणार? (उत्तर आरसीवरचं एकूण वजन हवं.) गाडी विकली तर कुठला फॉर्म? आगाऊ कर, म्हणजे वर्ष चालू असतानाच भरायचा कर, किती हप्त्यांत भरायचा? तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण ‘१५ मार्चला एकदाच’ म्हणतात. ते दुकानदारांना आणि व्यावसायिकांना, म्हणजे ४४एडी आणि ४४एडीए वाल्यांना लागू आहे. ४४एई वाल्या गाडीमालकाला, वर्षाचा कर टीडीएस वजा जाता १०,००० किंवा वर असेल तर, चार हप्ते आहेत: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. चार-पाच मोठ्या गाड्यांच्या मालकाला याचं व्याज दरवर्षी नकळत लागत असतं.

फी ठरवताना नुसतं ‘रिटर्नचे किती’ विचारू नका. त्यात पुढे आलेल्या नोटिशीचं उत्तर धरलंय का, आगाऊ कराची आठवण देणार का, भरलेल्या रिटर्नची प्रत मिळणार का, हे आधी बोलून घ्या. ‘रिफंड आणून देतो, त्यातले इतके टक्के माझे’ असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा. रिफंडच्या टक्केवारीवर फी घेणं सीएच्या संस्थेच्या नियमांत बसत नाही, आणि मोठा रिफंड काढायचा सोपा मार्ग म्हणजे खोट्या वजावटी. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा वजावटी दाखवून देणाऱ्यांवर देशभर दीडशे ठिकाणी कारवाई केली. नोटीस मात्र रिटर्न ज्याच्या नावाचं त्यालाच येते.

पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच ठेवा. एजंटने त्याचा नंबर टाकला असेल तर प्रोफाइलमध्ये जाऊन आजच बदला. त्रुटीची नोटीस आली की उत्तराला साधारण १५ दिवस असतात, आणि ती एजंटच्या जंक मेलमध्ये पडून राहते. पासवर्ड द्यावा लागला तर काम झाल्यावर बदला. आयटीआर, पोच आणि उत्पन्नाचा तक्ता, तिन्ही घ्या: पुढच्या गाडीच्या कर्जाला फायनान्सवाला दोन-तीन वर्षांचे हेच कागद मागतो, आणि अपघाताच्या दाव्यातही उत्पन्नाचा पुरावा म्हणून ते लागतात. कर्जासाठी म्हणून न कमावलेलं उत्पन्न फुगवून दाखवायचा सल्ला कुणी दिला तर हप्ता त्या आकड्यावर बसेल, गाडी मात्र तेवढं कमावणार नाही, हे ध्यानात ठेवा.

७. दर एप्रिलला एक काम

ज्या ज्या ट्रान्सपोर्ट कंपनीकडे किंवा कारखान्याकडे गाडी लागते, तिथे पॅनसह एक घोषणापत्र द्या: वर्षात कधीही माझ्याकडे दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसतील. ते हाती असलं की पार्टीला टीडीएस कापावा लागत नाही. न दिलं तर १ टक्का कापतात आणि परत मिळायला पुढच्या वर्षीच्या रिफंडची वाट पाहावी लागते. पॅनच दिला नाही तर २० टक्के. प्रत्येक पार्टीला वेगळं आणि दरवर्षी नवं. जुन्या छापील नमुन्यावर १९६१ च्या कायद्याचं कलम असेल तर एप्रिल २०२६ नंतरच्या भाड्यासाठी नव्या कायद्याचा नमुना कंपनीच्या हिशेब खात्यातून मागून घ्या, सही-शिक्क्याची पोच घ्या आणि ती गाडीतल्या फाइलमध्ये आरसीच्या मागे लावून ठेवा. बिल पास करणारा कारकून बदलला की पहिला टीडीएस तुमच्याच भाड्यातून कापला जातो, तेव्हा दाखवायला तीच पोच लागते.